दोन हजार दोनशे सात, फक्त जाताना

१

बसथांब्यांची वर्णनं एकसारखी करायची, हे ऐकायला किती सोपं वाटतं! साहेबांनाही तसंच वाटलं होतं. "बाई, यादी तयारच आहे, तुम्ही नुसता एकदा हात फिरवा," असं म्हणून त्यांनी ती फाइल माझ्या गळ्यात मारली. चार हजार तीनशे बारा थांबे. प्रत्येकाला एक क्रमांक, एक नाव आणि एक वर्णन. नाव म्हणजे 'वखार', 'न्यायालय', 'पाण्याची टाकी'. वर्णन म्हणजे तो थांबा नेमका कुठे आहे, ते एका ओळीत. आणि ही ओळ गेल्या तीस वर्षांत ज्याला जशी सुचली तशी त्याने लिहिलेली. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. 'मोठ्या झाडाखाली.' झाड तोडून बारा वर्षं झाली. 'नेहमीच्या जागी.' कुणाच्या नेहमीच्या? एका महाभागाने तर लिहून ठेवलं होतं, 'सगळ्यांना ठाऊक आहे.' अरे बाबा, सगळ्यांना ठाऊक असेल तर मला पगार कशाचा देतायत?

शेवटी मी नऊ पानांची नियमावली केली. आधी खूण लिहायची, म्हणजे इमारत, पूल, फाटक असं काहीतरी न हलणारं. मग चारच शब्दांपैकी एक शब्द: समोर, शेजारी, अलीकडे, पलीकडे. मग दिशा: जाताना की येताना. शेवटच्या रकान्यात 'प्रत्यक्ष पाहिले' म्हणून होय किंवा नाही. 'नाही' असेल तर ती ओळ अपूर्ण, तिथे गाडी थांबणार नाही आणि गाडीतलं नवं यंत्र ती वाचून दाखवणार नाही.

'जवळ' हा शब्द मी साफ बंद केला. तो बंद करायला लावला माझ्या धाकट्याने. धाकटा म्हणजे माझा भाऊ, वय चौतीस, जन्मापासून डोळ्यांनी अधू. अधू कसला, काहीच दिसत नाही त्याला. कोर्टात साक्षींच्या ध्वनिफिती ऐकून टाइप करतो. आईबाबा गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. रोज सकाळी तो चौदा नंबरची बस पकडून एकटा जातो, एकटा येतो, आणि मी गॅलरीत उभी राहिलेली त्याला आवडत नाही.

"जवळ म्हणजे किती जवळ, ताई?" तो म्हणाला होता. "गटारसुद्धा जवळच असतं. तुम्ही ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकता, आणि पडतो मी."

यंत्र बोलायला लागल्यावर त्याला कंडक्टरची मिनतवारी करावी लागणार नव्हती. खरं सांगायचं तर त्या नऊ पानांतलं प्रत्येक वाक्य मी त्याच्याचसाठी लिहिलं. साहेबांना वाटत होतं, त्यांच्यासाठी.

२

दोन हजार दोनशे सात ही ओळ मला चौथ्या महिन्यात भेटली. मार्ग चौदा, वखारीनंतर, न्यायालयाच्या आधी. नावाची जागा रिकामी. वर्णनात एकच शब्द: 'दाराजवळ'.

कपाळ माझं! कुणाच्या दाराजवळ? शहरात दारं काय कमी आहेत? मी आगारात फोन लावला. तिथल्या टाइमकीपरने सगळी वही चाळली आणि म्हणाला, "बाई, वखारीनंतर आम्ही सरळ कोर्टालाच थांबतो. मध्ये काही नाही."

"मग ही ओळ लिहिली कुणी?"

"ते तुम्हालाच माहीत. यादी तुमच्याकडे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. आणखी एक गोष्ट मला खटकली. आमच्या यादीत प्रत्येक थांबा जोडीने येतो, रस्त्याच्या ह्या बाजूला जातानाचा, त्या बाजूला येतानाचा. माणूस गेला की त्याला परत यायला नको का? ह्या ओळीला जोडीदार नव्हता. दिशा: 'जाताना'. बस्स. मी समोर 'नाही' लिहिलं, ओळ अपूर्ण म्हणून बाजूला ठेवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे लिहिलेलं होतं, 'दारासमोर'.

मी पेन खाली ठेवलं. माझ्या शेजारी नकाशेवाला बसतो. थांब्यांचे ठिपके नकाशावर टाकायचं काम त्याचं. दिवसभर तोंडात बडीशेप, आणि दुसऱ्याच्या कामात नाक.

"तुम्ही हात लावलात का हो माझ्या फाइलला?"

"मी? माझी कामं मला पुरे झालीयेत."

"मग 'जवळ'चं 'समोर' कुणी केलं?"

तो वाकून बघायला लागला. "बरोबरच आहे की. तुमचाच नियम ना, 'जवळ' चालणार नाही म्हणून?"

बरोबर होतं. तोच तर वैताग होता. चार हजार ओळींत एकाही माणसाने माझे नियम धड पाळले नव्हते, आणि जिच्या मागे माणूसच नाही अशी ही एक ओळ शहाण्या विद्यार्थ्यासारखी स्वतःची चूक स्वतः सुधारत होती.

३

मी काही भोळीभाबडी नाही. पहिल्यांदा मी फाइलीचा परवलीचा शब्द बदलला. मग रोज संध्याकाळी ती ओळ कागदावर उतरवून, तारीख घालून, पर्समध्ये ठेवायला लागले. सोमवारी 'दारासमोर'. मंगळवारी 'उघड्या दारासमोर'. गुरुवारी सोयींच्या रकान्यात, जिथे आपण छप्पर, बाक, दिवा असं लिहितो, तिथे भर पडली: 'आत बसायची सोय आहे'.

आत? बसथांब्याला आत कुठून आलं?

शुक्रवारी दुपारी मी अर्धी रजा टाकली आणि चालत गेले. वखारीपासून कोर्टापर्यंत तीनशे पावलांचा रस्ता. एका बाजूला दुकानं, जातानाच्या बाजूला सलग एक दगडी भिंत. पुरुषभर उंच, मधे कुठे फट नाही, दार तर नाहीच नाही. मी हात लावत लावत सगळी भिंत चालले. लोक बघत होते, बघू देत. अर्ध्यावर एक दगड पडलेला होता, त्यावर चढून मी पलीकडे डोकावले. नुसतं गवत वाढलेलं मोकळं मैदान, आणि एक गाढव. गाढवाने माझ्याकडे बघितलं.

मी खाली उतरले आणि निघणार, तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. भिंतीपलीकडून नाही म्हणत मी, भिंतीतून. खुर्च्या सरकवल्याचा. घरी पाहुणे वाढले की आपण कशा सरकवतो, थोडं तिकडे व्हा, अजून एक मावेल, तसा. चार-पाच खुर्च्या सरकल्या आणि थांबल्या.

वखारीत लाकडं हलवत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. वखार दीडशे पावलं मागे होती आणि शुक्रवारी ती बंद असते, हे मला ठाऊक होतं, कारण ते वर्णन मीच तपासलं होतं. तरी मी तसं सांगितलं. माणसाला घरी जायचं असतं.

ऑफिसात आले तर साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. सोमवारी यंत्रं सुरू होणार होती, पत्रकार येणार होते. "बाई, चार हजार तीनशे अकरा पूर्ण आणि एक अपूर्ण? शंभर टक्के म्हणायचं कसं मी? एका थांब्यासाठी नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!"

"साहेब, तिथे दार नाहीये. मी आत्ताच बघून आले."

"मग ओळ काढून टाका."

मी काढली. ती परत आली. साहेबांच्या डोळ्यांदेखत तीनदा काढली, तीनदा आली. साहेब म्हणाले, "तुमचा तो संगणक बिघडलाय. आता काढता येत नाही तर निदान भरा तरी! वर्णन तर व्यवस्थित दिसतंय."

माझं डोकं उठलं होतं. पाय दुखत होते. चार महिने मी जगाला 'नीट लिहा, बघून लिहा' म्हणून ओरडत होते, आणि त्या क्षणी मला फक्त ती फाइल डोळ्यांसमोरून जायला हवी होती. 'प्रत्यक्ष पाहिले' ह्याच्यापुढे मी 'होय' लिहिलं. खाली माझी आद्याक्षरं. म्हटलं, ड्रायव्हर काय आंधळे आहेत? भिंत दिसली की थांबणार नाहीत.

४

सोमवारी सकाळी धाकटा नव्या शर्टात होता. "आज तुझ्या फाइलीचा पहिला वाचक मी," म्हणाला. "एकेक वर्णन तपासतो. चूक सापडली तर रात्रीची भांडी तुझ्याकडे."

"जा रे, मोठा आलाय परीक्षक!"

त्या 'होय'बद्दल मी त्याला काही बोलले नव्हते. लाज वाटली. दुसरं काही नाही, नुसती लाज.

नऊ वाजून वीस मिनिटांनी ऑफिसात त्याचा फोन आला.

"ताई, मानलं तुला! वखारीनंतर नवीन थांबा काढलास आणि घरात पत्ता लागू दिला नाहीस? यंत्र म्हणालं, उघड्या दारासमोर, आत बसायची सोय आहे. म्हटलं बघूया ताईने थापा मारल्यात की काय. मुद्दाम उतरलो."

"अरे, तू बसमध्ये परत चढ."

"बस गेली की. कोर्ट काय पुढेच आहे, जाईन चालत. पण तुझं वर्णन अगदी बरोबर आहे हं. पायरीसमोरच दार. काठी आत गेली सरळ."

"काठी बाहेर काढ. ऐक माझं. उजवीकडे वळ आणि भिंतीला हात लावून चालत राहा. मी येते."

"भिंत नाहीये गं उजवीकडे." तो थांबला. त्याचा कान फार तिखट. "गंमत आहे. रस्ता ऐकू येत नाहीये. एकही गाडी नाही. ताई, आत बरीच माणसं बसलीयेत. बोलत नाहीत, पण बसलीयेत, कळतं मला."

"तू आत जाऊ नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की नकाशेवाला उठून उभा राहिला.

"अगं, कोणीतरी जागा करून देतंय," धाकटा म्हणाला. मला फोनमधून ते ऐकू आलं. खुर्च्या. "थँक्यू हं," तो कुणाला तरी म्हणाला, मला नाही. मग त्याची काठी फरशीवर तीनदा वाजली आणि फोन बंद झाला.

५

मी रिक्षाने सात मिनिटांत पोचले. भिंत तशीच, गवत तसंच. नकाशेवाला माझ्या मागोमाग आला होता, तो बिचारा भिंतीवर चढून पलीकडे सगळं मैदान फिरून आला. पोलिसांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, चौतीस वर्षांचा माणूस आहे, येईल संध्याकाळपर्यंत. कोर्टात त्याच्या खुर्चीवर त्याचा हेडफोन तसाच पडून होता, तो पोचलाच नव्हता. आगारात तो ड्रायव्हर सापडला. वयाने मोठा, सरळ माणूस.

"यंत्र बोललं, मी थांबलो," तो म्हणाला. "काठीवाले साहेब उतरले. मी दार लावलं."

"बाहेर काय होतं?"

त्याने मानेवरून हात फिरवला. "बाई, मी बाहेर बघतच नाही. आरशात बघतो, माणूस नीट उतरला की नाही तेवढं. आरशात फक्त त्यांची पाठ दिसली."

दुसऱ्या दिवशी मी चौदा नंबरच्या गाडीत चढले आणि अगदी दारात उभी राहिले. भर सकाळ, लख्ख ऊन. वखार आली, गेली. यंत्र बोललं. तो आवाज एका निवेदिकेचा, गोड, आम्हीच पैसे देऊन घेतलेला. "उघड्या दारासमोर. आत बसायची सोय आहे." गाडी थांबली, दार सरकलं.

आणि गाडीच्या पायरीला चिकटून दार होतं.

साधं, तपकिरी, दोन्ही कवाडं उघडी. आत लांबट खोली, दवाखान्यात बाहेर थांबायची असते तशी. खुर्च्यांच्या रांगा, सगळ्यांची तोंडं पलीकडच्या भिंतीकडे. त्या भिंतीवर काही नव्हतं. माणसं गप्प बसलेली, बायका, पुरुष, मांडीवर पिशव्या. तिसऱ्या रांगेत कडेला नवा शर्ट. मला त्याची मान कुठेही ओळखू येते, लहानपणी मीच त्याचे केस कापायचे.

"धाकट्या!" मी हाक मारली.

तो आवाजाकडे वळला नाही असं आजवर कधी झालेलं नाही. बाजारात हजार माणसांत मी हळूच खाकरले तरी त्याची मान फिरते. मी हाक मारली आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो सोडून प्रत्येकाने.

माझा एक पाय पायरीवर होता. एक पाऊल टाकलं असतं तर पोचले असते. पण दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने मांडीवरची पिशवी उचलून शेजारची खुर्ची मोकळी केली, आणि हसली. मी दांडा घट्ट धरला. मी उतरले नाही. सख्खा भाऊ समोर आणि मी उतरले नाही, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतेय. दार लागलं. मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "काकू, इथे का थांबली गाडी? भिंत तर आहे."

६

साहेबांना मी सगळं सांगितलं, ते पायरीवरचं सोडून. ते माझ्याकडे डोळे फाडून बघत राहिले, मग नकाशेवाल्याला म्हणाले, "आत्ताच्या आत्ता ती ओळ अपूर्ण करा. गाडी थांबायला नको तिथे."

नकाशेवाल्याचा हात पुढे गेला. मी तो धरला.

"साहेब, गाडी थांबायचीच बंद झाली, तर तो चढणार कुठे?"

मी माझ्या खुर्चीवर बसले आणि नवी ओळ लिहिली. मार्ग चौदा, उघड्या दारासमोर, येताना. चार महिन्यांत मी एकाही माणसाला न पाहिलेला थांबा लिहू दिला नव्हता, आणि हा तर मी मनातूनच काढला. ती ओळ राहिली. पण यादीचा नियम असा, येतानाच्या ओळीला जातानाची जोड लागतेच, एक अपूर्ण केली की दुसरीही होते. नियमही माझाच. म्हणून दोन्ही ठेवाव्या लागल्या.

"चार दिवस," साहेब म्हणाले. "मग अपूर्ण करायची."

रोज संध्याकाळी मी पाच चाळीसच्या परतीच्या गाडीत बसते. यंत्र बोलतं, गाडी थांबते, दुकानांच्या मध्ये तेच दार उघडं असतं. दार लावायच्या आधी ड्रायव्हर आता पाचऐवजी वीस आकडे मोजतो, माझ्यासाठी. मी हाक मारते. खुर्च्या सरकतात. अजून कुणी चढलेलं नाही. परवा मात्र कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखं वाटलं, मागच्या बाजूला, आणि काठी वाजली. एकदाच. माझा कान काही धाकट्यासारखा नाही. पण वाजली.

साहेबांनी दिलेले चार दिवस संपले. मग मी आणखी चार मागितले. उद्या करते म्हणाले, उद्या नक्की म्हणाले. ह्याला आता तीन आठवडे झाले. ह्या तीन आठवड्यांत माझ्या टेबलावर माणूस पोचलाच नाही अशा सात तक्रारी आल्या. एक पेन्शनर गृहस्थ. एक नर्स, पहिल्या पाळीला जाताना. परगावची एक नवरा-बायकोची जोडी, त्यांना शहर नवीन होतं. यंत्र जे म्हणतं त्यावर विश्वास ठेवणारी माणसं. मी प्रत्येक तक्रारीला क्रमांक देते आणि खालच्या खणात ठेवते.

आज संध्याकाळी पाचनंतर एका बाईचा फोन आला. आवाज रडून बसलेला. तिच्या आईला मोतीबिंदू आहे, धड दिसत नाही, यंत्राचं ऐकून उतरते. काल चौदा नंबरने निघाली ती पोचलीच नाही. उतरल्यावर लेकीला फोन केला होता म्हणे, की इथे बसायला छान आहे गं, जरा टेकते.

"बाई, तो थांबा नक्की कुठे आहे?" तिने विचारलं. "मी स्वतः जाऊन आईला घेऊन येऊ का?"

नको म्हणायचं. एवढंच करायचं होतं मला. पण नको म्हटलं की ती 'का?' विचारणार, कारण सांगितलं की ती पोलिसांकडे जाणार, आणि उद्या सकाळपर्यंत दोन्ही ओळी अपूर्ण होणार. परवा काठी वाजली होती. मी ऐकली होती.

"वखारीनंतर," मी म्हटलं. "चौदा नंबर. दर दहा मिनिटांनी आहे."

तिने तीनदा आभार मानून फोन ठेवला. साडेपाच वाजत आले होते. पाच चाळीसची गाडी मला चुकवून चालत नाही, म्हणून मी पर्स उचलली आणि निघाले.